पासष्टवरून सत्तावन्नवर: रशियातल्या पुरुषांचं आयुर्मान सात वर्षांत का कोसळलं

१९८७ साली रशियातल्या पुरुषांचं जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान जवळपास ६५ वर्षं होतं. १९९४ साली ते ५७.४ वर आलं. सात वर्षांत सुमारे साडेसात वर्षं गेली. बायकांचंही घटलं, ७४ च्या वरून ७१ वर आलं, पण ती घसरण पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी होती. या काळात रशियात मोठं युद्ध नव्हतं, दुष्काळ नव्हता, लाखोंनी माणसं मारणारी साथ नव्हती. लोक शिकलेले होते, गावोगावी दवाखाने होते, लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर भरपूर होते. अशा देशात शांततेच्या काळात आयुर्मान इतकं पडल्याचं दुसरं उदाहरण आधुनिक काळात शोधून सापडायचं नाही.

आयुर्मान कशाने वाढतं असं विचारलं की आपण लसीकरण, स्वच्छ पाणी, बाळंतपणातली काळजी, उत्पन्न, शिक्षण ही नावं घेतो. बरोबरच आहे. केरळ पुढे का आणि उत्तर प्रदेश मागे का, हे त्याच यादीतून बऱ्यापैकी समजतं. रशियाचं प्रकरण त्या यादीत बसत नाही, म्हणूनच ते तपशिलात पाहण्यासारखं आहे.

आधी त्या आकड्याबद्दल थोडं. ‘आयुर्मान ५७’ याचा अर्थ माणसं सत्तावन्नाव्या वर्षी मरतात असा नसतो. एखाद्या वर्षी प्रत्येक वयाच्या माणसांचा जो मृत्युदर असतो, तोच जन्मभर लागू राहिला तर आज जन्मलेलं बाळ सरासरी किती जगेल, याचा तो हिशेब असतो. गाडीचा वेग दाखवणारा काटा जसा या क्षणाचा वेग सांगतो, तसा हा आकडा त्या वर्षाची परिस्थिती सांगतो. म्हणून तो झपाट्याने वर-खाली होऊ शकतो. आणि तो झपाट्याने हलला, तर त्याच वर्षा-दोन वर्षांत माणसांना मारणारं किंवा वाचवणारं काहीतरी बदललं असलं पाहिजे. संपूर्ण प्रकरणात हा धागा हातातून सुटू द्यायचा नाही.

त्याआधीची वीस वर्षं

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने आरोग्यात मोठी झेप घेतली होती. प्रतिजैविकं, लसी, साथरोगांवर करडी नजर, यांच्या जोरावर १९६० च्या दशकाच्या मध्यावर रशियातलं आयुर्मान पश्चिमेच्या अगदी जवळ पोचलं. पुरुषांचं ६४ च्या आसपास होतं, अमेरिकेतल्या पुरुषांपेक्षा दोन-तीन वर्षंच कमी. तिथून पुढे दोन्हींच्या वाटा फुटल्या. पश्चिम युरोप, अमेरिका आणि जपान हृदयविकार आणि रक्तदाबावर काबू मिळवत पुढे गेले. रशियात पुरुषांचं आयुर्मान वर्षाला थोडं थोडं खाली येत राहिलं आणि १९८० च्या सुमारास साडेएकसष्टवर आलं.

सरकारला हे दिसत होतं. त्यावर उपाय काय केला, तर १९७० च्या दशकाच्या मध्यापासून मृत्यूचे तपशील प्रसिद्ध करणंच बंद केलं. बालमृत्यूचे आकडे गायब झाले, आयुर्मानाचे गेले, दारूच्या विषबाधेने किती मेले हेही गोपनीय झालं. पुढे ग्लासनोस्तच्या, म्हणजे खुलेपणाच्या धोरणाच्या काळात ही दप्तरं उघडली. नोंदी व्यवस्थित ठेवलेल्या होत्या, फक्त लोकांपासून दडवलेल्या होत्या. मला या प्रकरणातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. देशातले कर्ते पुरुष मरत होते, कारकून ते इमानाने लिहून ठेवत होते, आणि त्याबद्दल बोलायची कुणाला मुभा नव्हती.

मे १९८५

गोर्बाचेव्ह मार्च १९८५ मध्ये सत्तेवर आले आणि मे महिन्यात दारूविरोधी मोहीम जाहीर झाली. ती संपूर्ण दारूबंदी नव्हती. दुकानात दारू मिळायची, पण दुपारी दोननंतर. दुकानांची संख्या कमी केली, किमती दोनदा मोठ्या प्रमाणात वाढवल्या, दारू विकत घेण्याचं किमान वय २१ केलं. कारखान्यात पिऊन आलेल्या कामगारावर कारवाई होऊ लागली. पक्षाच्या युवक संघटनेने ‘बिनदारूची लग्नं’ लावायला सुरुवात केली. मोल्दोवा, जॉर्जिया, क्रिमिया इथल्या द्राक्षबागा उपटल्या गेल्या. हा शेवटचा प्रकार निव्वळ नासधूस होती. रशियाला मारत होती ती व्होडका, द्राक्षाची वाइन नव्हे.

लोक वैतागले. दुकानांसमोर लांबच लांब रांगा लागल्या. गोर्बाचेव्ह यांच्या ‘जनरल सेक्रेटरी’ या पदावरून लोक त्यांना ‘मिनरल सेक्रेटरी’ म्हणू लागले, म्हणजे मिनरल वॉटरवाले सचिव. घरोघरी ‘समोगॉन’ गाळली जाऊ लागली, ही तिथली हातभट्टी. ती साखरेपासून गाळायची, त्यामुळे दुकानातून साखर नाहीशी झाली आणि शेवटी तिचं रेशनिंग करावं लागलं. सरकारी तिजोरीला व्होडकातून मिळणारा मोठा महसूल बुडाला, तोही तेलाचे भाव पडलेले असताना. १९८८ मध्ये मोहीम गुंडाळली गेली.

राजकीयदृष्ट्या मोहीम फसली असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पण मृत्यूच्या नोंदवह्यांत वेगळंच दिसत होतं. मॉस्कोचे मनोविकारतज्ज्ञ अलेक्सांद्र नेमत्सोव्ह यांनी हातभट्टी धरून खऱ्या खपाचा अंदाज बांधला. दरडोई वर्षाला सुमारे १४ लिटर शुद्ध अल्कोहोल पोटात जात होतं, ते साडेदहा लिटरच्या आसपास आलं. म्हणजे हातभट्टीने तूट भरून काढली, पण पुरती नाही. आणि तेवढ्याने पुरुषांचं आयुर्मान १९८४ ते १९८७ या तीन वर्षांत तीन वर्षांनी वाढलं. रशियातच नव्हे, युक्रेन, बेलारूस, लाटव्हिया, एस्टोनिया, जिथे जिथे ती मोहीम लागू होती तिथे तिथे आलेख एकदम वर गेला.

या काळात नवी औषधं आली नव्हती. इस्पितळं तीच होती. हवा, अन्न, पगार, सिगारेट यांत फारसा बदल नव्हता. बदलली होती ती दुकानाची वेळ आणि बाटलीची किंमत.

मग उलटा प्रवास

मोहीम सैल झाली तसा आलेख पुन्हा खाली वळला, आधी हळूहळू. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. २ जानेवारी १९९२ ला किमतींवरचं नियंत्रण उठलं आणि महागाईने लोकांची आयुष्यभराची बचत वर्षभरात शून्यावर आणली. त्याच वर्षी दारूवरची सरकारची मक्तेदारीही गेली. रस्त्याकडेच्या टपरीवर रात्री-अपरात्री व्होडका मिळू लागली. बाहेर देशातून आलेलं स्पिरिट आणि बेकायदा कारखान्यांतला माल यांना काही सुमार राहिला नाही. पाव, लोणी, मांस यांचे भाव ज्या वेगाने वाढले त्याच्या कितीतरी मागे व्होडकाचा भाव राहिला. म्हणजे बाकी सगळं महागत असताना दारू तुलनेने स्वस्त झाली.

१९९२ ते १९९४ या तीन वर्षांत मृत्युदर सरळ वर चढला. १९९४ मध्ये आत्महत्येचं प्रमाण दर लाखामागे ४२ च्या घरात होतं. त्या एका वर्षात दारूच्या थेट विषबाधेने ५० हजारांहून अधिक माणसं गेली. खून वाढले, अपघात वाढले, आणि संख्येने सर्वांत जास्त वाढले ते हृदयविकाराच्या नावावर नोंदलेले मृत्यू.

संशयित एकेक करून

आता खरा प्रश्न. एवढी उलथापालथ झाली तर माणसं मरणारच, त्यात दारूला वेगळी का काढायची? गरिबी, ताण, कोलमडलेली आरोग्यसेवा, प्रदूषण, सिगारेट, कितीतरी कारणं समोर होती. १९९० च्या दशकात यावर संशोधकांत जोरदार वाद झाले, आणि ते होणं गरजेचंही होतं.

उपासमारी किंवा कुपोषण असतं तर आधी लहान मुलं आणि म्हातारे गेले असते. तसं झालं नाही. बालमृत्यूदर १९९० नंतर थोडा वाढला, हजारी वीसच्या आत राहिला आणि लगेच पुन्हा उतरणीला लागला. पेन्शन अपुरी आणि थकलेली, तरी सत्तरीपुढच्या माणसांचा मृत्युदर मध्यमवयीनांइतका हलला नाही. मृत्यू वाढले ते मुख्यतः पस्तीस ते पंचावन्न या वयात, म्हणजे अंगात सर्वाधिक बळ असणाऱ्या वयात.

प्रदूषण आणि सिगारेट दोन्ही मारतात, पण सावकाश. पन्नास-साठ टक्के पुरुष सिगारेट ओढतात म्हणून आयुर्मान खाली असू शकतं, पण तेवढ्याने ते दोन वर्षांत पाच वर्षांनी पडत नाही, आणि १९८५ मध्ये वरही जात नाही.

आकडेच चुकीचे असतील, ही शंकाही घेतली गेली. १९९७ मध्ये ब्रिटिश, रशियन आणि फ्रेंच संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती तपासली. त्यांनी मृत्यूची कारणं एकेक करून मांडली. १९८५ नंतर बहुतेक सगळी कारणं एकदम घटली होती, १९८७ नंतर सगळी एकदम वाढली होती. अपवाद एक, कर्करोग. तो आपल्या जागी जवळजवळ स्थिर होता. जनगणना चुकली असती किंवा मृत्यूंची नोंद ढिली झाली असती, तर कर्करोगाचाही आकडा हलला असता. आरोग्यसेवा कोलमडणं हेच मुख्य कारण असतं, तरीही कर्करोग इतका शांत राहिला नसता. शिवाय दारूशी सर्वांत जवळचं नातं असलेली कारणं, म्हणजे विषबाधा, अपघात, हिंसा, न्यूमोनिया, हीच सर्वांत जास्त हलली होती.

राहिला ताण. तो खोटा नव्हता. चाळिशीतल्या माणसाचा कारखाना बंद पडला, पगार महिनोन्‌महिने थकला, ज्या देशात तो जन्मला तो देशच नकाशावर राहिला नाही. पण पोलंडनेही तेव्हाच समाजवाद सोडला, तिथेही बेकारी आणि महागाई आली, आणि तिथलं आयुर्मान एक-दोन वर्षं अडखळून १९९१ नंतर चढायला लागलं. माझं मत असं की निराशेने माणसाला बाटलीकडे ढकललं हे खरं, पण बाटली कोपऱ्या-कोपऱ्यावर, स्वस्तात, चोवीस तास उभी होती म्हणून निराशा इतक्या लवकर जीवघेणी ठरली. काही अर्थशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली: मोहिमेमुळे जे पिणारे १९८५ ते १९८८ मध्ये वाचले, त्यांतले पुष्कळ १९९० नंतर गेले, त्यामुळे खड्डा जास्त खोल दिसतो. यात तथ्य आहे.

आणि हृदयविकाराचं काय? थोडी दारू हृदयाला बरी, असं त्या काळी पश्चिमेकडे सर्रास सांगितलं जाई. रशियातलं पिणं वेगळ्या जातीचं होतं. आठवडाभर काही नाही, मग एका बैठकीत अख्खी बाटली, कधी दोन-तीन दिवस सलग. या सलग पिण्याला तिथे ‘झपोय’ म्हणतात. अशा पिण्याने हृदयाची लय बिघडते, रक्तदाब उसळतो, माणूस झोपेत जातो. मॉस्कोतल्या मृत्यूंची वारनिहाय मोजदाद केली तेव्हा अचानक हृदय थांबून झालेले मृत्यू शनिवार, रविवार आणि सोमवारी जास्त निघाले. कोलेस्टेरॉल वार बघून वाढत नाही.

इझेव्स्क

उरलच्या पश्चिमेला इझेव्स्क नावाचं औद्योगिक शहर आहे, कलाश्निकोव्ह बंदूक बनवणारं. २००३ ते २००५ या काळात तिथे मरण पावलेल्या २५ ते ५४ वयाच्या १७५० पुरुषांची माहिती गोळा केली गेली. जोडीला त्याच शहरातले, त्याच वयाचे तेवढेच जिवंत पुरुष निवडले. मेलेल्याला विचारता येत नाही, म्हणून दोन्ही गटांत घरच्यांना विचारलं, बहुतेक वेळा बायकोला किंवा आईला.

प्रश्न कसे होते ते पाहा. किती लिटर, किती टक्के, असं विचारून बायकोला नेमकं उत्तर देता येत नाही. म्हणून विचारलं: त्याला सकाळी हँगओव्हर किती वेळा असायचा? पिऊन अंगावरच्या कपड्यांनिशी तो किती वेळा झोपला? सलग दोन दिवस शुद्धीवर न येता पीत राहिला, असं गेल्या वर्षात झालं का? आणि पिण्यासाठी नसलेलं काही तो प्यायचा का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा निघाला. कोलन (अंगाला लावायचं सुगंधी पाणी), जखमा पुसायचं स्पिरिट, औषधी अर्क, असल्या छोट्या बाटल्या औषधाच्या दुकानात आणि टपरीवर व्होडकापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळत. त्यांवर पिण्याच्या दारूचा अबकारी कर नव्हता. काहींत अल्कोहोलचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर, म्हणजे व्होडकाच्या दुपटीहून जास्त. लेबलावर काहीही लिहिलेलं असो, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ती कशासाठी आहे हे ठाऊक होतं.

मेलेल्यांपैकी ५१ टक्के पुरुष एकतर घातक पद्धतीने पिणारे होते किंवा असल्या बाटल्या पिणारे. जिवंत गटात हे प्रमाण १३ टक्के होतं. संशोधकांच्या हिशेबाने त्या वयातल्या पुरुषांच्या ४३ टक्के मृत्यूंमागे घातक पिणं होतं. शहरातल्या कर्त्या पुरुषांचे दर दहातले चार मृत्यू! पुढे सायबेरियातल्या तोम्स्क, बर्नाऊल आणि बीस्क या शहरांत हजारो मृत्यूंच्या अभ्यासातूनही चित्र त्याच दिशेचं निघालं.

२००६ नंतर

१९९४ नंतर आयुर्मान थोडं सावरलं, १९९८ मध्ये रुबल कोसळला, आणि पुन्हा घसरगुंडी होऊन २००३ मध्ये पुरुष ५८.५ वर आले. त्यानंतर मात्र जे घडलं ते १९८५ पेक्षा टिकाऊ ठरलं, आणि त्याची पद्धत वेगळी होती.

२००६ पासून कारखान्यातून निघणाऱ्या बाटलीचा हिशेब संगणकावर ठेवण्याची व्यवस्था आली. औद्योगिक स्पिरिट आणि कोलनवरचे नियम आवळले. २०१० पासून व्होडकाला किमान किंमत ठरवून दिली, अर्ध्या लिटरला ८९ रुबल, त्याखाली विकणं गुन्हा. अबकारी कर टप्प्याटप्प्याने वाढला. तोवर खाद्यपदार्थात गणली जाणारी बिअर २०११ च्या कायद्याने दारू ठरली. रात्री अकरा ते सकाळी आठ दुकानातली विक्री बंद झाली, टपऱ्यांवरून दारू गेली. २०१३ मध्ये तंबाखूविरोधी कायदाही आला. कुणाची द्राक्षबाग उपटली नाही, कुणाचं लग्न कोरडं केलं नाही. आणि महसूल बुडण्याऐवजी आला, त्यामुळे अर्थखात्यानेच मोहीम गुंडाळावी अशी वेळ आली नाही.

वाट सरळ नव्हती. २००६ मध्येच स्वस्त स्पिरिटचा तुटवडा झाल्यावर लोक जंतुनाशकं प्यायले आणि हजारोंना विषारी कावीळ झाली. डिसेंबर २०१६ मध्ये इर्कुत्स्कमध्ये अंघोळीच्या पाण्यात टाकायचा ‘बॉयरिश्निक’ नावाचा द्रव पिऊन सत्तरहून अधिक माणसं गेली, त्यात मिथेनॉल होतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक बळी घेतले तेही मिथेनॉलनेच. दोन्हीकडे मेलेले कोण, तर ज्यांना दुकानातली बाटली परवडत नव्हती ते.

तरी एकूण दिशा ठाम राहिली. २००३ ते २०१६ दरम्यान दरडोई खप ४३ टक्क्यांनी घटला, असं जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलं. २०१९ मध्ये पुरुषांचं आयुर्मान ६८.२ वर गेलं, बायकांचं ७८.२ वर. सगळं श्रेय दारूच्या धोरणाला देणं चूक ठरेल. तेलाचा पैसा आला, हृदयविकाराचे उपचार सुधारले, बालमृत्यूदर हजारी पाचच्या खाली गेला. पण सोळा वर्षांत पुरुषांची जवळजवळ दहा वर्षं वाढली त्यातला मोठा वाटा पुन्हा त्याच मध्यम वयात आणि त्याच कारणांत पडला, जिथे १९९४ मध्ये खड्डा पडला होता.

आपल्याकडे चर्चा नेहमी दोन टोकांना अडकते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी हवी की नको, एवढ्यावरच भांडण होतं. दुकान किती वाजता उघडतं, बाटलीची सर्वांत कमी किंमत किती, वस्तीत किती दुकानं, औषधी अर्काच्या नावाखाली काय विकलं जातं, यावर विधानसभेत कुणी तावातावाने बोलताना दिसत नाही. रशियात माणसं वाचली ती या कंटाळवाण्या तपशिलांनी.

एकाच देशातली दोन टोकं

देशाची सरासरी वाढली तरी आतली दरी मिटली नाही. २०१९ मध्ये कॉकेशसमधल्या इंगुशेतियाचं एकूण आयुर्मान ८३ च्या वर होतं, दागेस्तानचं ७९, मॉस्कोचं ७८ च्या वर. मंगोलियाच्या सीमेवरच्या तुवाचं साडेसदुसष्ट, अलास्कासमोरच्या चुकोत्काचं अडुसष्ट. इंगुशेतिया आणि दागेस्तान उत्पन्नात देशातल्या गरीब प्रदेशांत मोडतात. चुकोत्कात सोन्याच्या खाणी आहेत आणि पगार देशातल्या सर्वांत मोठ्या पगारांत. फक्त उत्पन्नाकडे बघणाऱ्याचा अंदाज इथे उलटाच निघेल. कॉकेशसमधला मुस्लिम समाज फारसा पीत नाही आणि कुटुंबं एकमेकांना धरून आहेत, हे उघड कारण. तिथल्या म्हाताऱ्यांच्या मृत्यूंची नोंद पुरेशी होते का, याबद्दल लोकसंख्यातज्ज्ञांना शंका आहे, म्हणून ८३ हा आकडा जपून घ्यावा. पण नोंदीतली तूट वजा केली तरी पुरुषांच्या मध्यम वयातल्या मृत्यूंचा फरक उरतोच. तुवा आणि चुकोत्कात मूळ रहिवासी समाजांना बेकारी, हिंसा, आत्महत्या, क्षयरोग आणि दारू यांनी एकत्र घेरलेलं आहे, आणि जवळचं इस्पितळ कधी कधी हेलिकॉप्टरच्या अंतरावर असतं. मॉस्कोत ठरलेली किमान किंमत तिथल्या टपरीपर्यंत पोचायला वेळ लागतो.

कोविडने २०२१ मध्ये रशियाचं एकूण आयुर्मान पुन्हा ७० वर आणलं, पुरुषांचं साडेपासष्टवर. या वेळी मेलेले बहुतेक वयस्क होते, बायका आणि पुरुष दोन्ही, आणि साथ ओसरल्यावर आकडा वर आला. १९९४ चा खड्डा असा आपोआप भरला नव्हता. त्याला जवळजवळ दोन दशकं आणि एकामागून एक कायदे लागले, आणि तोवर त्या पिढीतले कित्येक बाप आपल्या मुलांची लग्नं न बघताच गेले होते.